शंभरातले साडेसात अणू

7.59 आणि 92.41. निसर्गातल्या लिथियमचे हे टक्क्यांतले दोन वाटे: पहिला लिथियम-6चा, दुसरा लिथियम-7चा. न्यूट्रॉनसमोर मात्र पारडं फिरतं. मंद न्यूट्रॉन गिळण्याची शक्यता ‘बार्न’मध्ये मोजतात, लिथियम-6ची 940, लिथियम-7ची जेमतेम 0.045. टक्केवारीने गुणलं की 71.3 आणि 0.042 उरतात. थोडक्यात, 1,700 न्यूट्रॉनांमागे एखादाच लिथियम-7च्या वाट्याला येतो.

तारापूरला 540 मेगावॉटच्या दोन जड पाण्याच्या अणुभट्ट्या आहेत. या जातीच्या भट्टीत नळ्या गंजू नयेत म्हणून जड पाण्यात लिथियम हायड्रॉक्साइड घालतात. तिथे न्यूट्रॉन गिळणारं लिथियम-6 जितकं कमी तितकं बरं. म्हणून नुसतं लिथियम किती हे कळून भागत नाही, कुठलं किती हेही कळावं लागतं.

हे मोजायची एक वाट म्हणजे न्यूट्रॉन सक्रियण: त्यात नमुना भट्टीत ठेवून किरणोत्सारी करतात आणि बाहेर काढून मोजतात. ट्रॉम्बेची ‘अप्सरा’ 4 ऑगस्ट 1956ला सुरू झाली, तीही या कामी आली. लिथियम मात्र सरळ हाती लागत नाही. 1 मायक्रोग्रॅम नमुन्यावर दर चौरस सेंटिमीटरला सेकंदाला 10 लाख कोटी न्यूट्रॉन सोडले, तर लिथियम-7ने न्यूट्रॉन गिळून बनलेल्या लिथियम-8ची सेकंदाला 36,000 विघटनं होतात. त्याचं अर्धायुष्य 0.84 सेकंद. नमुना बाहेर काढायला 10 सेकंद लागले, तर उरतात 9.

लिथियम-6 फुटून होणारं ट्रिटियम टिकतं, अर्धायुष्य 12.3 वर्षं. त्याच नमुन्यात तासाभरात 22,000 कोटी अणू साठतात, त्यांतले सेकंदाला सुमारे 400 विघटन पावतात. त्यांचा बीटा कण कुपीची काचही ओलांडत नाही, म्हणून नमुना विरघळवून चमकणाऱ्या द्रावणातच मिसळतात. दुसऱ्या वाटेने हेच वेगवान ट्रिटियम ऑक्सिजनवर आदळून फ्लोरिन-18 बनवतं. पण ते शेजारी ऑक्सिजन किती यावर अवलंबून. मला ट्रिटियमची वाट सरस वाटते.

खरी मेख प्रमाण नमुन्यात, म्हणजे ज्याच्याशी ताडून मोजतात त्यात आहे. हायड्रोजन बॉम्बसाठी लिथियम-6 काढून घेतल्यावर उरलेलं लिथियम रसायन म्हणून बाजारात आलं. म्हणून लिथियमचा मान्य अणुभार हा एक आकडा नसून 6.938 ते 6.997 असा पट्टा आहे. त्यातून लिथियम-6 निघतं 7.8 ते 1.9 टक्के. नैसर्गिक लिथियमशी ताडून असं रसायन मोजलं, तर उत्तर खऱ्याच्या चौथ्या हिश्शाइतकंच येऊ शकतं. ज्योत-प्रकाशमापकावर एकूण लिथियम वेगळं मोजलं की दोन उत्तरांच्या गुणोत्तरातून समस्थानिकांचं प्रमाण निघतं.