हार्डडिस्क नव्या यंत्रात बसवली, पण संगणक सुरू होईना

इंदूरच्या आरएनटी मार्गावरचा सिल्व्हर मॉल म्हणजे संगणकांचा बाजार. अशा बाजारातून सेकंडहँड संगणक आणायचा आणि घरी बंद पडलेल्या यंत्रातली हार्डडिस्क त्यात बसवायची, हा खर्च वाचवणारा उपाय आहे. पण कधी कधी डिस्क नीट बसते, पंखा फिरतो आणि विंडोज मात्र सुरू होत नाही. मग ‘डिस्क गेली, फॉरमॅट करा’ असा सल्ला मिळतो. तो लगेच मानू नका. अशा वेळी बहुधा डिस्क शाबूत असते. नव्या मदरबोर्डशी तिचे जुळलेले नसते.

गडबड कुठे होते?

विंडोज डिस्कवर असते, पण ते कुठून सुरू करायचे याची नोंद यूईएफआय या नव्या पद्धतीच्या यंत्रात मदरबोर्डवर साठवलेली असते. डिस्क हलवली की ही नोंद जुन्या यंत्रातच राहते. दुसरे कारण डिस्कच्या मांडणीचे. जुन्या एमबीआर मांडणीत सुरुवातीचा कोड डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटमध्ये असतो. जीपीटी मांडणीत बूट फाइली एका छोट्या वेगळ्या विभागात असतात. केवळ यूईएफआयवर चालणारे यंत्र एमबीआर डिस्कवरून विंडोज सुरू करू शकत नाही.

आधी माहिती वाचवा

कोणताही प्रयोग करण्याआधी डिस्क यूएसबी-साटा केबलने दुसऱ्या चालू संगणकाला जोडा आणि फोटो, कागदपत्रे, हिशेब उतरवून घ्या. मराठी-हिंदी टायपिंगचे जुने काम श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असेल, तर विंडोजच्या फोल्डरमधले फॉन्टही घ्या. ते युनिकोड नसल्याने फॉन्टशिवाय फाइल उघडली तरी मजकूर वाचता येत नाही. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर ती लगेच बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या.

पडदा पूर्ण काळा

कंपनीचा लोगोसुद्धा दिसत नसेल, तर वीज बंद करून डिस्क काढा आणि यंत्र पुन्हा सुरू करा. तरीही काही दिसले नाही, तर डिस्कचा दोष नाही. कॅबिनेट उघडताना रॅम हलली असेल. प्लग काढून रॅम बाहेर घ्या, तिच्या सोनेरी पट्टीवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कण झटका आणि दोन्ही टोकांना खट् आवाज येईपर्यंत पुन्हा बसवा.

लोगो येतो, पण ‘बूट डिव्हाइस’ सापडत नाही

सेटअपमध्ये जा. बहुतेक डेल यंत्रांत त्यासाठी एफ-२, एचपीमध्ये एफ-१० आणि असेंबल केलेल्या अनेक यंत्रांत डिलीट की असते. तिथे डिस्कचे नाव दिसत नसेल, तर डेटा व पॉवर केबल आणि साटा पोर्ट बदलून पाहा. एम-डॉट-टू एसएसडी असेल, तर ती साटा आहे की एनव्हीएमई आणि यंत्रातला स्लॉट तीच चालवतो का, हेही तपासा.

डिस्क दिसत असेल, तर बूट क्रमात तिला पहिले स्थान द्या. ती एमबीआर असेल आणि यंत्रात लीगसी किंवा सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने सुरू होण्याचा पर्याय असेल, तर तो चालू करा. जीपीटी असेल, तर यूईएफआय ठेवा. तरीही जमले नाही, तर विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरून ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवा. जाणकार माणूस ‘बीसीडीबूट’ ही आज्ञा देऊन बूट फाइली आणि नोंद नव्याने तयार करू शकतो.

निळा पडदा आणि पुन्हा रीस्टार्ट

‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे आले, तर बहुधा साटा मोड जुळत नाही. डेलच्या अनेक ऑफिस संगणकांत कंपनीकडूनच ‘रेड ऑन’ असते, तर असेंबल केलेल्या यंत्रांत बहुधा ‘एएचसीआय’. सेटअपमध्ये जाऊन सध्याचा मोड कागदावर लिहून ठेवा, मग जुन्या यंत्रात होता तोच निवडा. विंडोज सुरू झाले की नव्या मदरबोर्डचे ड्रायव्हर घाला.

४८ अंकी किल्ली मागितली तर

हे बिटलॉकर आहे. डिस्क कुलूपबंद असून तिची किल्ली जुन्या मदरबोर्डच्या टीपीएम चिपशी बांधलेली आहे. रिकव्हरी की बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. कुणाकडेच ती नसेल, तर दुकानदारही डिस्क उघडू शकत नाही. म्हणून जुने यंत्र चालू असतानाच ती लिहून ठेवावी.

दुकानात जाताना

‘बंद आहे’ एवढेच सांगू नका. पडद्यावरच्या संदेशाचा फोटो काढून दाखवा आणि जुन्या यंत्राचे मॉडेल सांगा. विंडोज जुन्या मदरबोर्डसोबत आलेले असेल, तर नव्या यंत्रावर परवाना पुन्हा घ्यावा लागू शकतो, हे आधीच विचारून घ्या. आणि कुणी फॉरमॅटचा विषय काढला, तर सगळी माहिती दुसरीकडे उतरवून स्वतः उघडून पाहीपर्यंत होकार देऊ नका. विंडोज पुन्हा घालता येते, घरातले फोटो पुन्हा काढता येत नाहीत.