छपरातले तीन खिळे
इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री कॅथेड्रलच्या भग्न भिंतींवर आजही छप्पर नाही. आत उभं राहिलं की डोक्यावर थेट आभाळ. वेदीमागच्या भिंतीवर कोरलेले दोनच शब्द दिसतात, 'फादर फरगिव्ह', म्हणजे 'हे पित्या, क्षमा कर'. 'त्यांना क्षमा कर' असं तिथे लिहिलेलं नाही. 'त्यांना' हा शब्द मुद्दाम गाळलाय.

14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात हे मध्ययुगीन चर्च जळालं. ढिगाऱ्यात जुन्या छपराचे हाताने घडवलेले लोखंडी खिळे सापडले. एक उभा, दोन आडवे, असे तीन खिळे जोडून क्रूस झाला. युद्धानंतर असे क्रूस जर्मनीतल्या बेचिराख शहरांना भेट गेले. कील हे त्यातल्या पहिल्या काही शहरांपैकी एक.

पण खरं नातं माणसांच्या येण्याजाण्यातून जुळलं. आधी जर्मन तरुण कॉव्हेंट्रीच्या अवशेषांत बांधकामाला आले. मग 1965 मध्ये ब्रिटिश तरुण-तरुणी ड्रेस्डेनला गेले. 1945 मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकी विमानांनी भाजून काढलेलं हे शहर तेव्हा पूर्व जर्मनीत होतं. या तरुणांनी तिथल्या पडक्या इस्पितळाचा राडारोडा उपसला, स्थानिकांसोबत राहिले. चर्चच्या भागीदारीचं इतकं घामाचं उदाहरण क्वचितच सापडेल!

1945 च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेलं ड्रेस्डेनचं फ्राउएनकिर्शे चर्च 2005 मध्ये पुन्हा उघडलं. त्याच्या घुमटावरचा सोनेरी क्रूस घडवणाऱ्या लंडनच्या कारागिराचे वडील त्या हल्ल्यातले वैमानिक होते.

कॉव्हेंट्रीत दर शुक्रवारी दुपारी बाराला अवशेषांत समेटाची प्रार्थना होते, ती आवर्जून अनुभवा.