आधी सारवण, मग रांगोळी!

समोरचं जग दिसत असतानाच त्यावर अक्षरं, बाण आणि नकाशे उमटवणारे चष्मे आता दुकानांत आले आहेत. चष्म्यातली चित्रं सुरेख असतात, पण उन्हात नेली की विरून जातात. बाहेरच्या प्रकाशाला लगाम घालण्याची ही धडपड किती अवघड आहे आणि तिच्यावर काय काय अवलंबून आहे, त्याची ही गोष्ट...

रात्रीच्या एसटीने प्रवास करताना खिडकीकडे पाहिलंत, तर काय दिसतं? बाहेरचं गाव नाही, तर आपलाच चेहरा, शेजारच्याची टोपी आणि वरच्या फळीवर कोंबलेल्या पिशव्या! पहाट झाली की हे सगळं गायब होतं आणि त्याच काचेतून शेतं, झाडं, विजेचे खांब पळताना दिसू लागतात. काच तीच, चेहराही तोच. मग तो गेला कुठे?

खरं तर तो कुठेच गेलेला नसतो. काच दिवसाही आपल्या चेहऱ्यावरचा थोडासा प्रकाश परत पाठवतच असते. पण बाहेरून येणारा प्रकाश त्याच्या कितीतरी पट जास्त असतो आणि त्या लोंढ्यात आपलं प्रतिबिंब बुडून जातं.

एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली, की 'ऑगमेंटेड रिॲलिटी' या भारदस्त नावाच्या तंत्रज्ञानाची सर्वांत मोठी डोकेदुखी आपोआप कळते.

भुतापासून विमानापर्यंत

ही युक्ती तशी जुनीच. १८६२ साली लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी रंगमंचावर चक्क भूत अवतरवलं. प्रेक्षकांना न दिसणारी एक मोठी काच तिरकी उभी केलेली, खाली लपलेल्या नटावर झगझगीत प्रकाश आणि रंगमंचावर मात्र मंद उजेड. नटाचं प्रतिबिंब काचेत उमटायचं आणि मंचावर पारदर्शक भूत चालू लागायचं. मंचावरचे सगळे दिवे लावले असते, तर भूत तिथल्या तिथे पळालं असतं!

पुढे १९६८ मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी हाच खेळ डोक्यावर चढवला. डोळ्यांपुढे अर्धपारदर्शक आरसे, कानांपाशी टीव्हीच्या नळ्यांसारख्या दोन चिमुकल्या नळ्या आणि संगणकाने काढलेल्या रेघांचं चित्र. हे अवजड धूड छताला टांगावं लागे. 'ऑगमेंटेड रिॲलिटी' हे नाव मात्र १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आलं. बोइंग कंपनीत विमानातल्या तारांचे जुडगे बांधणाऱ्या कामगारांना कोणती तार कुठे जाते हे डोळ्यांसमोरच दिसावं, यासाठी टॉम कॉडेल आणि त्यांचे सहकारी डेव्हिड मिझेल खटपट करत होते. त्यातूनच हा शब्द रुळला.

काळा रंग नाहीच!

या चष्म्यांची एक गंमत ऐकून तुम्ही चक्रावाल. त्यांना लाल, हिरवा, पिवळा, पांढरा असे सगळे रंग दाखवता येतात. पण काळा? तो मात्र नाही!

कारण सरळ आहे. चष्म्याची काच बाहेरच्या प्रकाशात स्वतःचा प्रकाश मिसळते. म्हणजे तिला फक्त बेरीज येते, वजाबाकी येत नाही. काळा म्हणजे प्रकाश नसणं. काळं मांजर दाखवायचं, तर चष्मा त्या जागी प्रकाश टाकणार नाही आणि मग मांजराच्या जागी मागची भिंत जशीच्या तशी दिसेल. सावलीचंही तेच. टेबलावर चष्म्याने ठेवलेल्या खोट्या फुलदाणीची सावली पडत नाही, म्हणून ती टेबलावर टेकल्यासारखी न वाटता तरंगतेय असं वाटतं.

आपल्याकडच्या गृहिणींना हे समजावून सांगायची गरज नाही. शेणाने सारवलेल्या अंगणात पांढरी रांगोळी कशी उठून दिसते! तीच रांगोळी पांढऱ्या संगमरवरी फरशीवर काढा, शेजारीण तिच्यावर पाय ठेवून आत येईल. रांगोळी ठसठशीत हवी, तर खाली गडद सारवण हवं. या चष्म्यांनाही आधी सारवणच करावं लागतं, म्हणजे बाहेरचा प्रकाश कमी करावा लागतो.

आकडे काय सांगतात?

पृष्ठभाग किती तेजस्वी दिसतो, ते मोजण्याच्या एककाला 'निट' म्हणतात. घरात संध्याकाळी दिव्याच्या उजेडात पांढरी भिंत साधारण ७०-८० निट भरते. तीच भिंत भर दुपारच्या उन्हात असेल, तर आकडा २५ हजार निटच्या आसपास जातो. म्हणजे तीनशे पटींहून अधिक!

आता समजा, चष्म्याचं चित्र १ हजार निटचं आहे. घरातल्या भिंतीवर ते दिव्यासारखं झळकेल. उन्हातल्या भिंतीवर मात्र ते २५ हजारांत १ हजाराची, म्हणजे फक्त ४ टक्क्यांची भर घालील. अक्षरं वाचायची म्हटलं तर नुसते डोळे ताणावे लागतील. पण काचेने बाहेरचा केवळ ३ टक्के प्रकाश आत येऊ दिला, तर भिंत ७५० निटवर उतरेल आणि १ हजार निटचं चित्र पुन्हा ठळक होईल.

मग चित्राचाच प्रकाश वाढवला तर? तोही प्रयत्न चालू आहे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत आलेल्या मेटा कंपनीच्या रे-बॅन डिस्प्ले चष्म्यातलं छोटं चित्र ५ हजार निटपर्यंत जातं. पण प्रकाश वाढवला की बॅटरी लवकर संपते आणि चष्म्याची दांडी तापते. शिवाय काचेच्या आतून वाटा काढत डोळ्यापर्यंत पोहोचेस्तोवर प्रकाशाचा बराचसा भाग वाटेतच वाया जातो. म्हणून त्या चष्म्यालाही उन्हात आपोआप काळी होणारी काच द्यावीच लागली.

काच काळी करायच्या तीन तऱ्हा

पहिली तऱ्हा सगळ्यांत सोपी. काचेला कायमचा गडद रंग द्यायचा. ती उन्हात ठीक, पण घरात शिरलं की चाचपडायला होतं.

दुसरी तऱ्हा आपल्या ओळखीची आहे. चष्म्याच्या दुकानात 'फोटोक्रोमॅटिक' म्हणून मिळणारी काच. १९६४ मध्ये अमेरिकेच्या कॉर्निंग कंपनीतले विल्यम आर्मिस्टेड आणि डोनाल्ड स्टूकी यांनी चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण काचेत मिसळून ती बनवली. उन्हातल्या अतिनील किरणांनी ती काळी होते आणि सावलीत पुन्हा पांढरी. आजच्या प्लास्टिकच्या भिंगांत चांदीऐवजी रंगद्रव्यं असतात. वीज लागत नाही, हा मोठा फायदा. पण पुन्हा पांढरी व्हायला या काचेला काही मिनिटं लागतात. मोटारीत पुढची काच अतिनील किरण अडवत असल्याने ती काळी होतच नाही. आणि उष्ण हवेत ती थंडीतल्यापेक्षा कमी काळी होते. म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात, जिथे तिची खरी गरज, तिथेच ती थोडी कमी पडते!

तिसरी तऱ्हा विजेची. काचेवरच्या पातळ थरांना सौम्य विद्युतदाब दिला की काच गडद होते. बोइंग ७८७ ड्रीमलायनर विमानातून ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांनी हे पाहिलं असेल. तिथे खिडकीला ओढायची झडप नाही. बटण दाबलं की काच हळूहळू निळसर काळी होत जाते. एक्सरील कंपनीच्या २०२३ मधल्या एअर २ प्रो चष्म्यात याच प्रकारची काच होती आणि तिच्या तीन पातळ्या बटणाने बदलता येत. याहून चटकन काम करतात ते द्रवस्फटिक, म्हणजे आपल्या डिजिटल घड्याळाच्या आकड्यांमागचे एलसीडी. पण त्यांना ध्रुवक पट्ट्या लागतात आणि त्या पट्ट्या काच पूर्ण 'उघडी' असतानाही निम्म्याहून अधिक प्रकाश खातात.

जिथे चित्र, तिथेच सावली

सगळी काच काळी करायची म्हणजे एका अक्षरासाठी अख्खं जग अंधारात लोटणं. त्यापेक्षा जिथे चित्र आहे, तेवढाच भाग काळा केला तर? २०२२ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या मॅजिक लीप २ या यंत्राने हेच करून दाखवलं. पूर्ण काच २२ टक्क्यांपासून ०.३ टक्क्यापर्यंत गडद करता येते आणि हवं तर फक्त चित्रामागचा भागही काळा करता येतो.

पण इथे निसर्ग आडवा येतो. घरी करून पाहा. भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर बसा आणि एक डोळा मिटा. लोकरीचा एक धागा दोन्ही हातांनी ताणून उघड्या डोळ्यापासून दोन-तीन बोटांच्या अंतरावर आडवा धरा. नजर मात्र कॅलेंडरवरच ठेवा. धागा दिसेल, पण धूसर पट्ट्यासारखा, आणि त्याच्या आरपार तारखाही वाचता येतील. धागा तर पारदर्शक नाही!

याचं कारण डोळ्याची बाहुली. ती टाचणीच्या भोकाएवढी नसून उजेडानुसार साधारण २ ते ८ मिलिमीटर रुंद होते. तारखेकडून येणारे किरण बाहुलीच्या सगळ्या भागांतून आत शिरतात. धागा त्यांतले काही अडवतो, उरलेले आजूबाजूने जातात. चष्म्याच्या काचेवरचा काळा ठिपकाही डोळ्याच्या इतका जवळ असतो, की त्याची कड स्पष्ट दिसू शकत नाही. त्यामुळे चित्राभोवती पुसटशी काळी झालर राहते.

ही झालर घालवण्याचा मार्ग आहे. जपानमध्ये कियोशी कियोकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो दाखवला. बाहेरचं दृश्य आधी भिंगाने एका एलसीडी पडद्यावर केंद्रित करायचं, तिथे नको तो भाग काळा करायचा आणि मग पुन्हा भिंगातून ते डोळ्याकडे पाठवायचं. कड अगदी धारदार येते. पण एवढी भिंगं आणि आरसे आले की चष्म्याचं शिरस्त्राण होतं!

शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी

हा सगळा खटाटोप केवळ खेळण्यांसाठी असता, तर कोणी फारसं मनावर घेतलं नसतं. पण डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगमेडिक्स कंपनीच्या 'एक्सव्हिजन' या यंत्रणेला मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी मान्यता दिली आणि जून २०२० मध्ये जॉन्स हॉपकिन्समधल्या शल्यविशारदांनी ती रुग्णावर वापरली. मणक्यात स्क्रू बसवताना सीटी स्कॅनमधला कणा डॉक्टरांना थेट रुग्णाच्या पाठीवरच दिसतो. मान वळवून दूरच्या पडद्याकडे पाहायची गरज नाही.

आता ऑपरेशन थिएटरमधल्या दिव्याचा विचार करा. आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्याचा उजेड ४० हजार ते १ लाख ६० हजार लक्स असतो. भर उन्हाचा साधारण १ लाख लक्स! अशा उजेडात चष्म्यातली रेघ पुसट झाली तर मार्गदर्शनच गेलं. आणि रेघ दिसावी म्हणून काच फार काळी केली, तर खरी शीर, खरं रक्त दिसण्यात अडचण. जिथे स्क्रूपासून मज्जारज्जू काही मिलिमीटरवर असतो, तिथे हा तोल सांभाळणं म्हणजे रुग्णाचे पाय सांभाळणं होय.

यावर दुसराही एक उपाय आहे. ॲपलचं २०२४ चं व्हिजन प्रो किंवा मेटाचं २०२३ चं क्वेस्ट ३ यांत समोर काचच नाही. कॅमेरे बाहेरचं दृश्य टिपतात आणि आतल्या पडद्यावर दाखवतात. तिथे काळं मांजर अगदी झकास काळं दिसतं, सावलीही पाडता येते. पण वीज गेली की डोळ्यांपुढे मिट्ट काळोख! चष्म्याच्या काचेतून जग निदान दिसत तरी राहतं.

घेण्यापूर्वी एवढं पाहा

घरातल्या तरुण मुलामुलींना असे चष्मे हवेसे वाटणारच. विकत घेताना तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, दुकानाच्या आतल्या दिव्यांत चित्र पाहून भुलू नका. दुकानदाराची परवानगी घेऊन दाराबाहेर उन्हात या आणि अक्षरं वाचता येतात का ते पाहा. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखालीही पाहा. काही काचांत वरच्या दिव्याचे इंद्रधनुषी पट्टे उमटतात.

दुसरी, काच किती टक्के प्रकाश आत सोडते, ते विचारा. गॉगलच्या मानकात ३ ते ८ टक्के प्रकाश सोडणारी काच चौथ्या श्रेणीत मोडते आणि ती लावून वाहन चालवणं निषिद्ध मानलं जातं. रात्री वाहन चालवायचं, तर काचेतून किमान ७५ टक्के प्रकाश यायला हवा. काळी केलेली काच लावून स्कूटर काढणं म्हणजे अपघाताला आमंत्रण.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. काच कितीही काळी होवो, तिच्यातून सूर्याकडे किंवा ग्रहणाकडे पाहू नका. ग्रहणाच्या चष्म्यातून ०.००३२ टक्क्याहून जास्त दृश्य प्रकाश जाता कामा नये, असं मानक सांगतं. आधी सांगितलेली ०.३ टक्क्याची काच याच्या सुमारे शंभरपट प्रकाश आत सोडते. डोळ्याच्या पडद्याला तेवढा इजा करायला पुरेसा आहे आणि जळताना तो पडदा दुखतही नाही.

एकूण काय, तर चित्र रंगवण्याचं निम्मं काम या चष्म्यांना बऱ्यापैकी जमलं आहे. हवा तिथे, हवा तेवढाच आणि हव्या त्या क्षणी अंधार पाडणं, हे उरलेलं निम्मं अजून जमायचं आहे. ते ज्या दिवशी साधेल, त्या दिवशी काळं मांजर उन्हातल्या ओट्यावरही ऐटीत बसेल आणि शल्यविशारदाला रेघ व शीर दोन्ही सारख्याच स्पष्ट दिसतील.