लांब पृष्ठावर वाट चुकू नये म्हणून

जुन्या हस्तलिखित पोथीची पाने सुटी असत. ती विस्कटली तर क्रम पुन्हा लावता यावा, म्हणून समासात पत्रांक घालीत. छापील ग्रंथात पृष्ठांक, अनुक्रमणिका आणि सूची यांनी हेच कार्य केले. शिवाय ग्रंथ हाती असला म्हणजे किती वाचून झाले व किती उरले, हे बोटांनाही कळते. संगणकाच्या पडद्यावरील वेबपृष्ठाला अशी जाडी नसते. ते गुंडाळीसारखे असून एका वेळी त्याचा थोडाच भाग उलगडतो.

समजा, हिवतापाविषयी असे एक लांब पृष्ठ आहे. आरंभी ‘लक्षणे’, ‘निदान’, ‘उपचार’ अशी अनुक्रमणिका दिली आहे. ‘उपचार’ या दुव्यावर बोट ठेवताच तो भाग पुढे येतो. हे घडते कसे? त्या भागाला पृष्ठ रचणाऱ्याने एक नाव दिलेले असते. दुव्याच्या पत्त्यात # या चिन्हापुढे तेच नाव असते. ब्राउझर ते नाव पृष्ठात शोधतो आणि तो भाग पडद्याच्या माथ्याशी आणतो. या उडीची नोंदही तो ठेवतो. म्हणून ‘मागे’ हे बटण दाबले असता वाचक निघाल्या ठिकाणी परत येतो.

ज्याला दिसते, त्याला शीर्षक पाहून आपण कोठे आलो हे उमगते. परंतु अंध वाचक पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या साधनाच्या, म्हणजे स्क्रीन रीडरच्या, आधाराने चालतो, आणि अनेकांना माउसऐवजी कळफलकच वापरावा लागतो. त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो तो फोकस, अर्थात पुढची कळ ज्या जागी लागू होईल ती जागा. काही पृष्ठांत दुव्याऐवजी नुसती मजकूर सरकविण्याची आज्ञा लिहिलेली असते. अशा वेळी ‘उपचार’ हा भाग समोर येतो खरा, पण फोकस अनुक्रमणिकेतच राहतो. मग टॅब ही कळ दाबताच वाचक पुन्हा अनुक्रमणिकेतील पुढच्या दुव्यावर जाऊन पडतो. पान हलले, वाचक मात्र जागीच राहिला!

यावरील उपाय साधे आहेत. उडीबरोबर फोकसही त्या शीर्षकावर न्यावा, म्हणजे स्क्रीन रीडर ते शीर्षक उच्चारील. शीर्षके केवळ ठळक अक्षरांत न लिहिता शीर्षक म्हणून नोंदवावी. त्यायोगे अंध वाचकास एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जाता येते. पडद्याच्या माथ्याशी पट्टी कायम राहात असेल, तर शीर्षक तिच्याखाली दडू नये एवढे अंतर सोडावे. वेगाने सरकणाऱ्या मजकुराने काहींना भोवळ येते. त्यांनी हालचाल कमी ठेवण्याची इच्छा संगणकात नोंदविली असेल, तर ती पाळावी.

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत असे सांगितले आहे की, फोकसचा क्रम अर्थाला धरून असावा आणि पृष्ठापृष्ठावर पुन्हा पुन्हा येणारा मजकूर ओलांडून जाण्याची सोय असावी. २०२३ सालच्या आवृत्तीत आणखी एका नियमाची भर पडली: फोकस असलेला घटक इतर मजकुराखाली पूर्णपणे झाकला जाऊ नये.

औषधाची माहिती शोधणारा वाचक बहुधा घाईत व चिंतेत असतो. आपण कोठून आलो, कोठे आहो आणि परत कसे जावे, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याला न विचारता मिळाली पाहिजेत. पोथीच्या समासातील तो लहानसा अंक नेमके हेच करीत असे.