साडेचारचा वर्ग

येवल्यात साडेचार वाजतात तेव्हा जपानात रात्रीचे आठ वाजलेले असतात. ताई लॅपटॉप उघडते, पडद्यावर चार चौकोन उजळतात आणि चारही जण एकदम मान लववतात. ताईही लववते, चांगली खाली वाकून. मग सगळे हसतात आणि वर्ग सुरू होतो.

खोली माडीवरची. संक्रांत चार दिवसांवर आली तरी नाताळची कागदी चांदणी अजून खिडकीत लटकते आहे. भिंतीला लागून शेजाऱ्याचा हातमाग आहे. तिथे सध्या पदराचं काम चालू आहे, म्हणून आवाज सलग येत नाही. बराच वेळ शांतता, मग फणीचा एक ठोका, पुन्हा शांतता. मघाशी दारातून डोकावून आले. रंगीत रेशमाच्या कांड्या ओळीनं लोंबत होत्या आणि विणकर त्यांतली एकेक उचलून, धागे मोजून, मोराच्या मानेत निळा रंग भरत होता. एक ओळ भरली की एक ठोका. तो ठोका जपानात ऐकू जातो. चौकोनातले निवृत्त रेल्वे कर्मचारी दर वेळी मान डोलावतात. त्यांना तो आवाज कसला ते ठाऊक आहे.

आजचा विषय पतंग. रेल्वेतले ते आजोबा स्वतः काढलेलं चित्र कॅमेऱ्यासमोर धरतात. जपानातही नव्या वर्षाच्या सुरुवातीला पतंग उडवण्याची रीत आहे, त्याला ते ताको म्हणतात. ताई लॅपटॉप उचलून खिडकीत नेते. बाहेर आकाश भरलेलं आहे. समोरच्या गच्चीवर एक पोरगा दोन्ही हातांनी आसारी गरगरा फिरवतो आहे. ती बांबूची आसारी पाहून चौकोनातली नर्स ओरडतेच. इंग्रजीत काय विचारावं ते तिला सुचत नाही, तोंडातून जपानीच बाहेर पडतं. ताई थांबते. ‘इन इंग्लिश, प्लीज. वी हॅव टाइम.’ नर्स शब्द जुळवते. अर्धं मिनिट जातं. कुणीही तिच्या मदतीला धावत नाही, कुणी घाईही करत नाही. प्रश्न पुरा होतो तेव्हाच ताई उत्तर देते.

मग ‘र’ आणि ‘ल’. इंग्रजीतले हे दोन आवाज जपानी कानाला वेगळे लागत नाहीत. ताई तोंड कॅमेऱ्याजवळ नेते, जीभ कुठे टेकते आणि कुठे टेकत नाही ते दाखवते. राइट, लाइट. लाइट, राइट. चार चौकोनांत चार उघडी तोंडं. आपल्याला इंग्रजीतला व्ही आणि डब्ल्यू सारखाच ऐकू येतो, तसंच हे. ताई मराठी माध्यमात शिकली आहे. कॉलेजात तिच्या उच्चारांना हसणारे होते, म्हणून ती कुणाला हसत नाही.

एका मिशनतर्फे ती जपानच्या होन्शू बेटाच्या उत्तरेकडच्या एका बर्फाळ गावात काही वर्षं होती. रविवारी उपासना, आठवडाभर चर्चच्या सभागृहात इंग्रजीचे वर्ग. जपानात शंभरातला जेमतेम एक माणूस ख्रिस्ती. नुसत्या उपासनेला परका माणूस येत नाही, इंग्रजीला येतो. १९८७पासून जपान सरकार परदेशातून इंग्रजीचे सहायक शिक्षक शाळांत आणतं, पण सरकारी शाळेत धर्म शिकवायला तिथल्या राज्यघटनेचीच मनाई आहे. चर्चच्या वर्गाचं तसं नाही. तिथे शेवटची दहा मिनिटं पवित्र शास्त्राची. आजीचं दुखणं निघालं म्हणून ताई येवल्याला परतली. वर्ग मात्र पडद्यावरून चालू राहिला.

या वाटेला जुना इतिहास आहे. १८५९मध्ये अमेरिकन मिशनरी डॉक्टर हेपबर्न जपानात उतरले तेव्हा तिथे ख्रिस्ती धर्माला बंदी होती. तशा पाट्याच चौकाचौकांत लागलेल्या. उपदेश करता येत नव्हता म्हणून मिशनऱ्यांनी औषधं दिली, कोश रचले आणि इंग्रजी शिकवली. १८७२मध्ये योकोहामात जपानी प्रॉटेस्टंटांची पहिली मंडळी उभी राहिली ती इंग्रजी शिकायला येणाऱ्या तरुणांमधून. त्या पाट्या उतरल्या १८७३मध्ये.

हा इतिहास आपल्या दाराशीही येतो. बॉस्टनच्या ज्या अमेरिकन बोर्डानं १८१३मध्ये मुंबईत मिशन सुरू केलं आणि १८३१मध्ये नगरला ठाणं घातलं, त्याच बोर्डानं १८६९मध्ये जपानात माणूस पाठवला. बोर्डाचा मुंबईतला पहिल्या फळीतला गॉर्डन हॉल १८२६मध्ये नाशिकहून परतताना वाटेत कॉलऱ्यानं गेला. सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका १८२७मध्ये एकटी मुंबईला आली, पुढे नगरला गेली. तिची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले पुण्याला परतले आणि त्यांनी आपली शाळा काढली. पण १८५४-५५मध्ये बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन इकडे आले आणि मिशनच्या शाळांतल्या इंग्रजीवर कात्री चालली. म्हणणं असं की इंग्रजी शिकलेला मुलगा सरकारी नोकरीच्या मागे जातो, खेड्यात मास्तर होऊन राहत नाही. शिक्षण मातृभाषेतच हवं. आणि वीसच वर्षांनी, १८७५मध्ये, याच बोर्डाच्या आधारानं नीजिमा जो यांनी क्योटोत दोशिशा काढली, ती इंग्रजी शाळा म्हणूनच. तिथे सामुराई घराण्यांतली मुलं आली. त्यांना इंग्रजी मिळाली. नगरकडच्या महार-मांगांच्या मुलांना मराठी बाराखडी मिळाली.

बाराखडीची किंमत मी कमी लेखत नाही. पलीकडच्या खाटेवर ताईची आजी बसली आहे, चष्मा लावून, मांडीवर उपासना संगीत हे गीतांचं पुस्तक उघडं. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात तिच्या आईला अक्षर ओळखायला शिकवलं ते मिशनच्या बायबल बाईनं, चुलीपुढे बसून. त्या गावात इतर कुणी तिला पाटी हातात दिली नसती. पण कुणी किती शिकावं, कुठल्या भाषेत शिकावं, हे सातासमुद्रापलीकडच्या एका कचेरीत ठरावं आणि त्या ठरावात पोराची जात नि त्याची ऐपत आधीच गृहीत धरलेली असावी, याचा मला राग येतो. पुढे नगरला मिशनचं हायस्कूल झालं, इंग्रजी परत आली. मधल्या काळात ज्या मुलांचं वय निघून गेलं, त्यांना ती मिळाली नाही.

साडेपाचला दहा मिनिटं उरतात. ताई सांगते, ज्यांना जायचं त्यांनी जावं. नर्स रात्रपाळीला निघते, वाकून निरोप घेते. आजोबा ख्रिस्ती नाहीत, तरी ते नेहमी थांबतात. आज हरवलेल्या नाण्याची गोष्ट आहे. बाईचं एक नाणं हरवतं, ती दिवा लावून घर झाडून काढते आणि सापडल्यावर शेजारणींना बोलावते. चौकोनातल्या गृहिणीला अडतं ते शेवटी. एका नाण्यासाठी शेजारणींना कशाला त्रास द्यायचा? ताई विचारात पडते. तेवढ्यात खाटेवरून आजी विचारते, ‘काय म्हणती ती?’ ताई मराठीत सांगते.

‘अगं, शेजारणीला सांगितल्याबिगर आनंद पचतो का? सांग तिला.’

ताई सांगते. गृहिणी ते वहीत लिहून घेते, आजीकडे पाहून वाकते. आजी हात जोडते.

पडदा मिटतो न मिटतो तोच जिन्यावर चपला वाजतात. सहाच्या वर्गाची मुलं. एकाला सोडायला त्याची आई आली आहे. पलीकडच्या आळीतली, बौद्ध. १३ ऑक्टोबर १९३५ला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली ती याच गावात. त्यानंतर नाना धर्मांची आमंत्रणं त्यांच्याकडे आली, मुंबईचे मेथडिस्ट बिशप बॅडली यांनीही स्वागताची भाषा केली. बाबासाहेबांनी एकवीस वर्षं घेतली आणि बुद्ध निवडला. त्या घोषणेच्या जागी उभ्या असलेल्या मुक्तिभूमीच्या सावलीत वाढलेल्या या बाईनं सरळ विचारावं, हे साहजिकच आहे.

‘ताई, तिकडं तर सगळी बुद्धाची माणसं. त्यांना तुम्ही काय शिकवायला गेला होता?’

‘इंग्रजी,’ ताई म्हणते. जरा थांबून पुढे, ‘ज्यानं येशूबद्दल विचारलं त्याला सांगितलं. न विचारणाऱ्याच्या मागं लागले नाही.’

‘आणि इथं?’

‘इथं फक्त इंग्रजी.’

हे तिनं पहिल्या दिवशीच ठरवलं आहे. मुलं सगळ्या घरांतली आहेत. खत्री, साळी, मोमीन, बौद्ध, दोन ख्रिस्ती. फी ज्याच्या त्याच्या सवडीनं. दहा मिनिटांचं शास्त्र इथे नाही. तिच्या मंडळीतल्या काहींना हे रुचत नाही, तिच्यापाशी बोलूनही दाखवतात. मला तिचं बरोबर वाटतं. ज्या पोराला इंग्रजीची निकड आहे त्याच्या निकडीवर आपला विश्वास लादायचा नाही, हे ती जपानात शिकली असो वा आजीच्या मांडीवर, तिनं ते पक्कं धरलं आहे.

आजचा पाठ दुकानातला. येवल्याच्या पैठणीला बाहेरगावची गिऱ्हाइकं येतात, कधी परदेशी. पुढे बोलतो तो दुकानदार, विणकर मागे उभा राहतो. ताईनं टेबलावर आजीची शाल पसरली आहे. एक मुलगी गिऱ्हाईक झाली आहे, शालीचा काठ उलटून पाहते, कारण खरी पैठणी मागूनही पुढच्यासारखीच दिसते हे या गावात पोरांनाही कळतं. ‘व्हाय सो कॉस्टली?’ ती नाक उडवते.

मागवाल्याचा मुलगा पुढे येतो, आठवीतला, बोटांना मांज्यानं कापलेलं. ‘टू मंथ्स,’ तो म्हणतो. ‘माय फादर. अँड मदर.’

‘पूर्ण वाक्यात,’ ताई म्हणते. ‘आपल्याकडे वेळ आहे.’

वर्ग गप्प बसतो. मुलगा शालीवर हात ठेवतो आणि पुन्हा सुरुवात करतो. ‘माय फादर अँड माय मदर…’