ट्रॅपर चाकू
फरधारी प्राण्यांना सापळ्यात पकडून त्यांची कातडी सोलणाऱ्यांमध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झालेला, दोन पात्यांचा व घडी घालून खिशात ठेवता येणारा चाकू. ‘मस्करॅट’ आणि ‘फोल्डिंग हंटर’ हे याच वर्गातील इतर प्रमुख प्रकार होत. सु. १९७० पासून या जुन्या चाकूंचा संग्रह करण्याची प्रथा अमेरिकेत पसरली. नाणी किंवा टपाल तिकिटे यांच्या संग्रहाहून हा संग्रह एका बाबतीत वेगळा आहे. येथील प्रत्येक वस्तू हे मुळात कामाचे हत्यार असून, ज्या वापरामुळे तिला ऐतिहासिक अर्थ प्राप्त होतो, त्याच वापरामुळे तिचे बाजारमूल्य घटते.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील खिशातले चाकू मोठ्या प्रमाणावर इंग्लंडमधील शेफील्डहून येत. १८९० च्या मॅकिन्ली आयात कायद्याने परदेशी चाकूंवर भारी जकात बसली आणि न्यूयॉर्क, कनेक्टिकट व पेनसिल्व्हेनिया या राज्यांतील स्थानिक कारखान्यांना बळ मिळाले. शेफील्डहून स्थलांतर केलेले अनेक कुशल कारागीर या कारखान्यांत होते. याच सुमारास फरला शहरांतून मोठी मागणी होती. शेतीची कामे थांबलेल्या हिवाळ्यात ओढ्यांच्या व दलदलींच्या काठी सापळे लावून मस्करॅट, मिंक, स्कंक, रॅकून इ. प्राणी पकडणे, हे ग्रामीण कुटुंबांचे, विशेषतः शाळकरी मुलांचे, रोख उत्पन्नाचे एक साधन होते. सीअर्स, रोबक आणि कंपनी ही टपालाने माल विकणारी पेढी शेतकऱ्यांकडून टपालानेच कातडीही घेत असे. असा मोठा ग्राहकवर्ग लाभल्याने कारखान्यांनी सापळे लावणाऱ्यांसाठी खास नमुने बाजारात आणले.

रचना व कार्य : ट्रॅपर चाकूची बंद स्थितीतील लांबी साधारणपणे १०.५ सेंमी. असते. त्याची दोन्ही पाती लांब असून ती मुठीच्या एकाच टोकाला खिळीवर फिरतात. पाठीकडील पोलादी स्प्रिंग पात्याच्या बुडावर दाब देते आणि त्यामुळे पाते उघडे किंवा मिटलेले राहते, कुलूप नसते. पाते उघडण्यासाठी त्यावर नखाची खाच असते. ‘क्लिप’ नावाच्या पहिल्या पात्याचे टोक अणकुचीदार, तर ‘स्पे’ नावाच्या दुसऱ्या पात्याचे टोक बोथट व गोलसर असते. स्पे पाते मुळात गुरांच्या खच्चीकरणासाठी वापरले जाई.

या दोन आकारांचे कारण सोलण्याच्या पद्धतीत आहे. मस्करॅट व मिंक यांचे पोट चिरत नाहीत. एका मागील पायाच्या टाचेपासून दुसऱ्या पायाच्या टाचेपर्यंत छेद घेऊन, पायमोजा उलटा करून काढावा त्याप्रमाणे कातडे डोक्याकडून ओढून काढतात व फळीवर ताणून वाळवितात. बीव्हरचे कातडे मात्र पोटाच्या मध्यरेषेवर उघडून वर्तुळाकार ताणतात. पहिल्या छेदासाठी आणि पंजांभोवतीच्या बारीक कामासाठी क्लिप पात्याची अणी उपयोगी पडते. कातडे व मांस यांच्यामधील पडदा सोडविताना मात्र तीच अणी धोक्याची ठरते, कारण एखादे भोक पडले तरी कातड्याची प्रत घसरते व भाव कमी मिळतो. त्या वेळी बोथट टोकाचे स्पे पाते वापरतात. मस्करॅट या नमुन्यात दोन सारखी, अरुंद क्लिप पाती दोन विरुद्ध टोकांना असतात. एक बोथट झाले की दुसरे वापरता येते. फोल्डिंग हंटर हा मोठ्या शिकारीसाठी असून त्याची बंद लांबी सु. १३ सेंमी. भरते.

निर्माते व ठसे : पहिल्या महायुद्धानंतर रेमिंग्टन या बंदुका बनविणाऱ्या कंपनीने चाकूंचे उत्पादन सुरू केले. मुठीवर काडतुसाच्या आकाराची धातूची मुद्रा बसविलेला तिचा ‘आर ११२३’ हा मोठा ट्रॅपर संग्राहकांत विशेष प्रसिद्ध आहे. १९४० मध्ये तिने हा व्यवसाय विकला; पुढे १९८२ मध्ये याच नमुन्याची नवी आवृत्ती काढण्यात आली.

पेनसिल्व्हेनियातील ब्रॅडफर्ड येथील केस कंपनीच्या चाकूंची कालनिश्चिती पात्याच्या बुडावरील ठशावरून करता येते. ‘केस टेस्टेड एक्सएक्स’ हा ठसा साधारणपणे १९२०–४० या काळातील, ‘केस एक्सएक्स’ हा १९४०–६४ या काळातील व ‘यू. एस. ए.’ ही अक्षरे जोडलेला ठसा १९६५–६९ या काळातील होय. १९७० मध्ये ठशाखाली दहा ठिपके आले व दरवर्षी एकेक ठिपका कमी करण्यात आला. १९७९ च्या चाकूवर एकच ठिपका आढळतो. ‘६२५४’ यासारख्या क्रमांकातील पहिला अंक मुठीचे साहित्य, दुसरा पात्यांची संख्या व उरलेले अंक नमुना दर्शवितात. ठिपक्यांची पद्धत सुरू होताच दुकानांतील जुन्या ठशांचा शिल्लक माल शोधून विकत घेतला जाऊ लागला आणि संग्रहाच्या छंदाला मोठी चालना मिळाली.

मुठीचे साहित्य : गुरांच्या नळीच्या हाडाच्या, वर खाचा पाडून रंगविलेल्या पट्ट्या सर्वांत प्रचलित होत्या. उंची चाकूंना सांबराच्या शिंगाच्या पट्ट्या बसवीत आणि हे शिंग मुख्यतः भारतातून जात असे. पुढे भारताने गळून पडलेल्या शिंगांच्याही निर्यातीवर बंदी घातल्याने अशा जुन्या मुठींचे मोल वाढले. स्वस्त व रंगीत मुठींसाठी सेल्युलॉइडचा वापर होई.

पारख व निगा : वारंवार धार लावल्याने पाते अरुंद व आखूड होते. म्हणून पात्याची मूळ रुंदी, उघडमिटीचा स्पष्ट खटका, मुठीला तडे नसणे आणि ठसा सुवाच्य असणे, या बाबी प्रथम पाहतात. न वापरलेल्या चाकूस सर्वाधिक किंमत येते. त्यामुळे पाती बदलणे, जुना ठसा नव्याने मारणे, मुठीच्या पट्ट्या बदलणे असे गैरप्रकारही चालतात. झीज सर्वत्र सुसंगत आहे काय, ही यावरील महत्त्वाची कसोटी होय. मूठ गुळगुळीत झालेली असताना पाते मात्र नवे दिसणे, किंवा खिळ्यांच्या डोक्यांवर ताज्या ठोक्यांच्या खुणा असणे, हे संशयास्पद मानले जाते.

चाकू चकाकविण्यासाठी फिरत्या चाकावर घासणे ही नवशिक्यांची सर्वांत महागात पडणारी चूक ठरते. त्यामुळे ठसा पुसट होतो, कडा गोल होतात आणि कार्बन-पोलादावर वर्षानुवर्षे चढलेली करडी-निळसर झाक निघून जाते. ही झाक म्हणजे गंज नव्हे. लालसर गंज मात्र तेल लावून हलकेच काढावा लागतो. चामड्याच्या म्यानात चाकू दीर्घकाळ ठेवू नयेत, कारण कमावणीतील रसायनांनी व ओलाव्याने धातू खराब होतो. सेल्युलॉइडच्या मुठी जुन्या झाल्यावर विघटन पावतात व त्यांतून निघणाऱ्या नायट्रोजनाच्या ऑक्साइडांनी स्वतःचीच नव्हे, तर शेजारच्या चाकूंचीही पाती गंजतात. म्हणून ते वेगळे व हवेशीर जागी ठेवतात.

उत्तरकाळ : १९६४ मध्ये बक कंपनीने आणलेल्या, पाते उघड्या स्थितीत पक्के बसविणाऱ्या ‘११०’ या चाकूने शिकाऱ्यांत जुन्या नमुन्यांची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली. फरच्या व्यापारावर व सापळ्यांतील क्रौर्यावरही आक्षेप वाढत गेले. १९९१ मध्ये युरोपीय समुदायाने पाय जखडणाऱ्या सापळ्यांच्या वापरावर बंदी घालणारा नियम केला. न्यूयॉर्क राज्यातील श्रेड हा जुना कारखाना २००४ मध्ये आणि कॅमिलस २००७ मध्ये बंद पडला. केस कंपनीने ट्रॅपर नमुना चालू ठेवला असून तो आता बहुतांशी नित्य वापरासाठी वा संग्रहासाठी घेतला जातो.

मूळ व्यवसाय आक्रसल्यामुळे झिजलेल्या चाकूचे महत्त्व वेगळ्या अर्थाने वाढते. कोणते पाते अधिक झिजले, ते कोणत्या हाताने धारेला लावले, दुरुस्ती कशी केली, या गोष्टी न वापरलेल्या चाकूवरून कळत नाहीत. ज्यांनी आपल्या कामाच्या नोंदी मागे ठेवल्या नाहीत, अशा माणसांच्या श्रमाचा तो एक पुरावा असतो. म्हणूनच स्वच्छ नमुन्यांबरोबर, मूळ मालक व प्रदेश यांची माहिती असलेले वापरलेले चाकूही, ती माहिती लिहून ठेवून, जतन करणे आवश्यक ठरते.