जुन्या गोल्फ कार्टला लिथियम बॅटरी : नुसता डबा बदलून भागत नाही

आपल्याकडे गोल्फ खेळणारे थोडे, पण गोल्फ कार्ट मात्र रिसॉर्टमध्ये, मोठ्या कॅम्पसमध्ये, विमानतळावर सगळीकडे दिसते. सात-आठ वर्षं झाली की मालक म्हणतो, "बॅटऱ्या गेल्या, आता लिथियम टाकू." कल्पना चांगली आहे. पण यात लोक नेमके कुठे चुकतात, ते आज बघू.

आधी माझीच चूक सांगतो. एका कॅम्पसमधल्या कार्टला आम्ही लिथियम पॅक बसवला. सपाट रस्त्यावर गाडी झकास पळाली. मग चौघं बसून चढावर गेलो आणि अर्ध्यावर गाडी गपकन बंद पडली. मीटर 'फुल' दाखवत होता. गाडी मागे सरकायला लागली, पायाचा ब्रेक चांगला होता म्हणून वाचलो. सोबतचा मेकॅनिक म्हणाला, "सर, बॅटरी भरलेली आहे, मग थांबली कशी?" आजचं व्याख्यान म्हणजे या प्रश्नाचं उत्तर आहे.

४८ व्होल्टची कार्ट घेऊ. तिच्यात बहुतेक वेळा ८ व्होल्टच्या सहा लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या असतात. एकेक साधारण २८-२९ किलोची, म्हणजे सगळ्या मिळून १७० किलोच्या आसपास. क्षमता १७० अँपियर-तास लिहिलेली असते, पण ती वीस तासांत हळूहळू वापरली तर. भराभर वापरली की कमी मिळते, आणि रोज निम्म्याहून जास्त उपसली तर आयुष्य घटतं.

आता लिथियम. कार्टसाठी लिथियम आयर्न फॉस्फेट हा प्रकार घ्यावा. जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेतून १९९० च्या दशकात तो पुढे आला. बाकीच्या लिथियम प्रकारांपेक्षा हा उष्णतेला जास्त स्थिर. एक सेल ३.२ व्होल्टचा, सोळा सेल ओळीत जोडले की ५१.२ व्होल्ट. १०५ अँपियर-तासांचा पॅक पन्नासेक किलोत येतो आणि त्यातली ८०-९० टक्के वीज बिनधास्त वापरता येते. म्हणजे शंभरेक किलो वजन उतरतं, डिस्टिल्ड वॉटर भरण्याची कटकटही जाते.

मग अडचण कुठे? लेड-अ‍ॅसिड बॅटरी मुकाट्याने सोसते. क्षणभर ३०० अँपियर मागा, देते. लिथियम पॅकच्या आत मात्र एक पहारेकरी बसलेला असतो, बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे बीएमएस. मर्यादेबाहेर काही झालं की तो वीज तोडतो. आमचा पॅक १०० अँपियरचा होता, आणि चढावर भरलेली गाडी हलवताना कंट्रोलर २००-३०० अँपियर ओढतो. पहारेकऱ्याने त्याचं काम केलं, चूक आमची होती. म्हणून पॅक घेताना नुसते अँपियर-तास विचारू नका. सलग किती अँपियर आणि काही सेकंदांसाठी किती, हे दोन्ही विचारा आणि कंट्रोलरच्या आकड्याशी ताडून बघा.

दुसरी गोष्ट चार्जर. सोळा सेलच्या पॅकची वरची हद्द ५८.४ व्होल्ट. जुना लेड-अ‍ॅसिड चार्जर शेवटच्या टप्प्यात ६० च्या वरही जाऊ शकतो. बीएमएस रोखेल, पण रोज त्याच्या भरवशावर राहायचं नाही. चार्जर नवाच घ्या.

तिसरी, मीटर. जुना मीटर व्होल्टेज बघून अंदाज करतो. लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे काटा 'फुल'वर आणि गाडी रस्त्यात, असं होतं. आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा, शंट असलेला मीटर लावा.

चौथी, दिवे आणि हॉर्न. जुन्या गाडीत ते कधीकधी दोन बॅटऱ्यांमधून जोडलेले असतात. आता एकच पॅक, तेव्हा ४८ वरून १२ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर लागेल.

पाचवी उताराची. काही कार्टमध्ये उतारावर मोटर जनरेटर होते आणि वीज बॅटरीत परत येते. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर बीएमएस ती घेत नाही. मग मोटरचा ब्रेक सुटतो, कंट्रोलरही बिघडू शकतो. चार्जिंगची जागा टेकडीवर असेल तर रोज ९० टक्क्यांवर थांबा. सेल समपातळीत यावेत म्हणून अधूनमधून पूर्ण भरा, पण त्या दिवशी पहिली फेरी सपाटीवर मारा.

श्रोत्यांमधून एक प्रश्न आलाय : "सहापैकी दोनच बॅटऱ्या खराब आहेत, तेवढ्याच लिथियम टाकल्या तर?" नाही. दोघींचं चार्जिंग वेगळं, स्वभाव वेगळा. एका ओळीत जोडू नका.

आणि काढलेल्या बॅटऱ्यांचं अ‍ॅसिड गटारात ओतू देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे त्या वेगळ्या ठेवून अधिकृत ठिकाणीच द्यायच्या. शिशाचे पैसेही मिळतात.

शेवटी एवढंच. काम झालं की पार्किंगमध्ये चक्कर मारून गाडी ताब्यात घेऊ नका. आधी पायाचा ब्रेक तपासा, मग पूर्ण माणसं बसवून तुमच्याकडच्या सगळ्यांत मोठ्या चढावर न्या, तिथे थांबवा आणि पुन्हा सुरू करा. तिथून निघाली तर काम झालं म्हणा.